पोथी, पुस्तक आणि सभा

आमच्या माणसांनी आमच्या मुलखात नागरी अक्षरांत छापलेले पहिले पुस्तक कोणते, असा प्रश्न निघाला म्हणजे मिरजेच्या गीतेचे नाव पुढे येते. पुण्यास इंग्रजांचा वकील मॅलेट राहत असे. त्याच्यामुळे छपाईची कल्पना नाना फडणिसांच्या मनात आली, आणि त्यांनी एका तांबटाला हाताशी धरून तांब्याच्या पत्र्यावर गीता खोदविण्यास आरंभ केला. पुढे नाना गेले, पुण्याची घडी विसकटली आणि तो कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाला गेला. तेथे १८०५ मध्ये ते काम पुरे झाले, असा हा वृत्तांत सांगतात. छापण्यामागचा हेतू काय, तर ब्राह्मणांना गीतेच्या प्रती दान देता याव्यात. हाताने नकलून होणारे पुण्य यंत्राने अधिक वेगाने व्हावे, एवढाच त्याचा अर्थ. घेणाऱ्याला गीता बहुधा मुखोद्गतच असणार. पुस्तक हाती येण्यापूर्वी त्याला जे येत होते तेच हाती आल्यावरही येत होते.

त्याच दशकात मराठी मुलखापासून पुष्कळ दूर, तंजावरास, दुसरे शरफोजी राजे यांनी आपल्या वाड्यात एक छापखाना घातला आणि त्याला ‘नवविद्याकलानिधि’ असे भारदस्त नाव दिले. त्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. सख्खण पंडितांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या होत्या त्या ह्या. राजेसाहेब लहानपणी श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याजवळ शिकलेले, स्वतः पुस्तकांचे वेडे आणि प्रजेच्या मुलांसाठी शाळा चालविणारे. त्यांच्या पुस्तकाचा वाचक वेगळा होता. त्याला हे पुस्तक आधी ठाऊक नव्हते.

आजच्या विषयाला आम्ही येथूनच हात घालतो. ज्या पुस्तकाने माणसाला काल येत नव्हते ते आज येऊ लागते, काल सुचत नव्हते ते आज सुचू लागते, त्याला आपण शिकविणारे पुस्तक म्हणू. मराठीत अशी पुस्तके झाली, आणि आपण समजतो त्याहून बरीच लवकर झाली. परंतु असे पुस्तक एकटे काही करू शकत नाही. ते वाचून दाखविणारा, त्यावर शंका काढणारा, ते मोडून पाहणारा, अशी माणसे त्याच्याभोवती जमावी लागतात. ह्या जमावाला आम्ही सभा म्हणतो. त्या सभेचे दार किती रुंद ठेवायचे, ह्यावरून एकोणिसाव्या शतकात जो झगडा झाला तो पुस्तके लिहिण्यापेक्षा कठीण होता.

पोथीलाही तिची सभा होतीच. किंबहुना पोथी ही एकट्याने मनात वाचण्याची वस्तूच नव्हती. देवळाच्या ओवरीत पुराणिकबुवा ओवी म्हणत, तिचा अर्थ सांगत, दोन दाखले देत. समोर बायका वाती वळीत बसलेल्या असत आणि खांबाला टेकून एखादा म्हातारा पेंगत असे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला ज्ञानेश्वरी ठाऊक असण्याचे जे नवल परक्यांना वाटे, त्याचे इंगित ह्या व्यवस्थेत आहे. पण ह्या सभेत विचारणे कमी आणि ऐकणे फार. पोथी काय सांगणार हे श्रोत्याला आधीच माहीत असे, आणि ते पुन्हा ऐकण्यातच त्याचे समाधान होते.

येथे लिपीची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. पोथी बाळबोध अक्षरांत, आणि व्यवहार मोडीत. कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराची कीर्दखतावणी, घरची पत्रे, सारे मोडी. त्यामुळे ज्याला लिहितावाचता येते असे गावात म्हणत, त्यालाही बाळबोध छापील पान सरसर वाचता येईलच असे नव्हते. शिवाय जुन्या पोथीत शब्द एकमेकांना चिकटून, विरामचिन्ह म्हणाल तर दंड तेवढा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी आमच्या भाषेत आली ती इंग्रजी अमदानीत, आणि त्यांना रूढ करण्याचे पुष्कळसे श्रेय मेजर कँडी ह्यांना द्यावे लागते. कँडीसाहेबांच्या मराठीवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती काही अंशी रास्तही होती. पण जे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायला जवळ कोणी नाही ते वाचकाला एकट्याला उमगावे म्हणून काही खुणा लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

आता मुंबईकडे येऊ. पेशवाई बुडून चार वर्षे होतात न होतात तो १८२२ मध्ये मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तिचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’. त्या वेळच्या मराठीत तिला ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’ म्हणत. एल्फिन्स्टन साहेबांचा तिला पाठिंबा होता, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते. जर्व्हिस हा पेशाने एंजिनियर. त्याला मोजणी, नकाशे व इमारतीच्या कामासाठी इथली तरुण मुले तयार करावयाची होती, आणि ती इंग्रजी शिकेपर्यंत थांबण्याची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याने स्वतः मराठी शिकून, जगन्नाथशास्त्री क्रमवंतांना बरोबर घेऊन, गणिताची पुस्तके मराठीत केली. एका गोऱ्या एंजिनियराने आणि एका शास्त्र्याने समोरासमोर बसून भूमितीला मराठी शब्द शोधावेत, हे दृश्य आम्हाला फार मोलाचे वाटते. दोघांपैकी एकालाही ते काम एकट्याने जमले नसते.

ह्याच मंडळीत सदाशिव काशिनाथ छत्रे होते. त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ ची. ‘बाळमित्र’ मुळात फ्रेंच. इंग्रजीच्या वाटेने ते मराठीत आले. पण वाचताना भाषांतराचा वास येत नाही इतके ते घरचे झाले. छत्र्यांनंतर बाळशास्त्री जांभेकर. १८१२ चा जन्म, १८४६ ला मृत्यू, आणि मधल्या चौतीस वर्षांत केवढा पसारा! १८३२ मध्ये ‘दर्पण’, १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक, ज्यात नकाशे आणि आकृत्या देऊन शास्त्रीय विषय समजावलेले असत. चलनकलनासारखा विषय मराठीत आणताना त्यांनी ‘शून्यलब्धि’ हा शब्द केला. शब्द पुढे टिकला नाही. टिकला नाही म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. नव्या विषयाला पहिला शब्द देणारा माणूस अंधारात हात पुढे करून चाललेला असतो.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर मोल्सवर्थच्या कोशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. पहिलीत चाळीस हजारांच्या आसपास शब्द होते, दुसरीत ते साठ हजारांच्या घरात गेले. हा कोश उघडून बसावे तो त्यात वेदान्तातला शब्द आणि सुताराच्या रंध्याखालचा शब्द शेजारी शेजारी बसलेले दिसतात. नांगराचे भाग, नावेचे दोर, मोटेची लाकडे, कोकणातली बोली, देशावरची बोली. जे शब्द कोणत्याही पोथीत आले नव्हते ते येथे आले. कारागिराच्या आणि शेतकऱ्याच्या विद्येला मराठी पुस्तकात मानाची जागा प्रथम मिळाली ती अशा रीतीने, एका कोशाच्या रकान्यात, आणि तीही परक्या भाषेत अर्थ सांगण्यासाठी! शब्द आले, ती विद्या जाणणारा माणूस मात्र आला नाही.

ह्या आरंभीच्या शास्त्रीय पुस्तकांपैकी काहींचा घाट संवादाचा आहे. हरि केशवजी पाठारे यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय असेच संवादरूपाने मराठीत आणले. इंग्रजीत हा घाट मार्सेट नावाच्या बाईंनी लोकप्रिय केला होता. रसायनशास्त्रावरील त्यांचे संवाद १८०६ मध्ये लंडनला निघाले. त्यात एक शिकविणारी बाई आणि दोन मुली बोलतात. एक मुलगी विचारी, दुसरी उतावळी. बाईंनी हा घाट का निवडला? त्या स्वतः लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला जात, आणि व्याख्यान एकदा ऐकून त्यांना पुरते कळत नसे. घरी येऊन कोणाशी तरी त्यावर बोलले म्हणजे मग कळे. तेव्हा त्यांनी व्याख्यान आणि त्यानंतरचे बोलणे हे दोन्ही एका पुस्तकात घातले. पुस्तकातच सभा भरविली म्हणा ना.

ह्या पुस्तकाने काय केले हे सांगण्यासाठी आम्ही तुम्हाला थोडा वेळ लंडनलाच ठेवतो. तेथे रिबो नावाच्या पुस्तकविक्याकडे मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा बांधणी शिकत होता. जन्म १७९१, शालेय शिक्षण जुजबी. बांधायला आलेली पुस्तके तो बांधता बांधता वाची. मार्सेटबाईंचे रसायन त्याला तेथेच भेटले, आणि त्यातले प्रयोग परवडतील तेवढे तो स्वतः करून पाही. दुसरे एक पुस्तक त्याच्या हाती आले, आयझॅक वॉट्स ह्या धर्मोपदेशकाचे. ते १७४१ चे, आणि त्याचा विषयच मुळी ‘बुद्धी कशी सुधारावी’ हा. वाचलेल्याचे टिपण ठेवा, व्याख्यानांना जा, चार समविचारी माणसे जमवून वाद करा, दूरच्या मित्राशी पत्राने विचारांची देवघेव करा, अशा तऱ्हेच्या सूचना त्यात आहेत. आज त्या वाचताना कोणी म्हणेल, ह्यात नवीन ते काय? फॅरडेने त्या एकेक करून अक्षरशः पाळल्या, हे नवीन. शहरातील होतकरू तरुणांच्या एका विज्ञानसभेत तो जाऊ लागला. प्रवेशाला शिलिंग पडे; ते त्याच्या थोरल्या भावाने दिले. तो भाऊही बापासारखा लोहारच. पुढे १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने ती ऐकली, तपशीलवार उतरून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांची बांधणी केली आणि तो ग्रंथ डेव्हीकडे पाठवून दिला. १८१३ मध्ये त्याला तेथे नोकरी मिळाली. पुढचा इतिहास आपल्या घरातल्या विजेच्या दिव्यापर्यंत येऊन पोचतो.

ह्या गोष्टीत लोक फॅरडेची बुद्धी तेवढी पाहतात. आमची नजर भावाच्या शिलिंगाकडे आणि गिऱ्हाइकाच्या तिकिटांकडे जाते. बुद्धी आणि पुस्तक दोन्ही असून तिकीट मिळाले नसते तर?

आता आपल्याकडील दोन माणसे पाहू. दोघेही छपाईच्या धंद्यातले, दोघांचेही शालेय शिक्षण बेताचे. गणपत कृष्णाजी हे भंडारी समाजातले. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी शिळाछापाचे काम पाहिले आणि हे आपणही करावे असे त्यांच्या मनाने घेतले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ ह्या पुस्तकात त्यांची हकीकत दिली आहे. लाकडी यंत्र स्वतः बनविले, दगडाचे लहान तुकडे घेऊन त्यांवर अक्षर उठते कसे ते करून पाहिले, शाई स्वतः तयार केली. १८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापले. छापील कागदाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी तो शिवायला कचरत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तो आक्षेप मिटविला. पुढे त्यांनी खिळे पाडण्याचाही कारखाना काढला, आणि त्यांच्याकडील छपाई पाहून जाणकारांनी माना डोलवाव्यात असे काम केले.

दुसरे जावजी दादाजी. जन्म १८३९, घरची गरिबी. लहानपणीच ते त्याच मिशनच्या छापखान्यात खिळ्यांच्या कामाला लागले. ज्या वयात मुले धुळाक्षरे गिरवतात त्या वयात त्यांच्या बोटांना शिशाची अक्षरे लागली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना. राणोजी रावजी आरू हे त्यांचे मित्र अक्षरे कोरण्यात निष्णात. ह्या दोघांच्या हातून जे नागरी अक्षर घडले ते इतके सुरेख आणि इतके शुद्ध की जगभरच्या संस्कृत पंडितांनी निर्णयसागरची प्रत प्रमाण मानावी. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’ अनेकांच्या संग्रही आजही आढळेल. शब्दांची अर्धी जोडाक्षरे ज्यांनी पोलादावर उलटी कोरली त्यांना ती काव्ये कळत होती काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे पाथरवटाला मूर्तीचे ध्यान येते का हे विचारण्यासारखे आहे. तो आम्ही विचारीत नाही.

आम्हाला दुसरा प्रश्न पडतो. मराठीत १८३० च्या दशकापासून रसायन होते, भूमिती होती, अर्थशास्त्र आले. ह्यांपैकी कोणते पुस्तक गणपत कृष्णाजींना त्यांच्या कामी उपयोगी पडले? शाई जमणे हे रसायनच की! पण त्यांनी ते रसायन पुस्तकातून घेतले नाही, आणि त्यांना जे कळले ते पुस्तकात गेले नाही. ते माडगावकरांच्या नजरेला पडले नसते तर एवढीही हकीकत उरली नसती. लिहिणाऱ्याची सभा एकीकडे, घडविणाऱ्याची दुसरीकडे. पुस्तके दोघांच्या हातांतून जात होती, पण देवघेव व्हावी अशी जागा नव्हती.

जागा निर्माण करण्याचे प्रयत्न मात्र चालू होते, आणि ते उत्साहाचे होते. रत्नागिरीस १८२८ मध्येच ग्रंथालय निघाले. १८४८ हे साल तर आम्हाला एखाद्या पर्वणीसारखे वाटते. त्या साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आजचे पुणे नगर वाचन मंदिर. तीत लोकहितवादी गोपाळराव देशमुख पुढे होते. त्याच साली मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपली साहित्य व शास्त्रसभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक’ ह्या नावाने भरू लागल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, व्याकरणकार. सभेत मराठीतून निबंध वाचायचे, त्यांवर बोलायचे, आणि मग ते ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापायचे. हे मासिक १८५० ते १८६७ चालले. पुराणिकाची ओवरी आणि छापील पान ह्यांचा सांधा येथे जुळला. फरक इतकाच, की समोर बसलेल्याला आता उठून शंका विचारता येत होती. त्याच विद्यार्थ्यांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांत स्वतः विनावेतन शिकविले.

ग्रंथालयांचे म्हणाल तर, ‘जनरल लायब्ररी’ हे नाव घेतलेल्या संस्थांत भरणा बहुतकरून इंग्रजी पुस्तकांचा असे. प्रत्येक मराठी पुस्तक मिळवून जतन करावे ह्या हेतूने निघालेली ग्रंथसंग्रहालये पुष्कळ उशिराची, ठाण्याचे १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. दरम्यान सरकारदरबारी १८४७ मध्ये मोठा वाद झाला होता. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचे म्हणणे वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. जर्व्हिसचे म्हणणे देशी भाषांतून. जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. परिणामी खालचे शिक्षण मराठीत आणि वरचे इंग्रजीत, अशी वाटणी कायम झाली, आणि मराठी शास्त्रीय पुस्तकाला वरचा वर्गच उरला नाही. ही हानी केवढी, ह्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

पुण्यातला झगडा मुंबईहून कडवा होता, कारण तेथे प्रश्न पैशाचा होता. श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा दाभाड्यांपासूनची. ती पेशव्यांनी वाढविली. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता वर्षाला पन्नास हजार रुपये त्या खात्यावर ठेवले. त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये पुण्यातील काही तरुणांनी अर्ज केला, की ह्या दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. मागणी किती साधी! पण तिच्यात दोन सुरुंग होते. एक, संस्कृताऐवजी मराठी. दुसरा, जातीऐवजी काम. म्हणजे ग्रंथ चांगला असेल तर लिहिणारा कोणीही असो. पुण्यात खळबळ उडाली. अर्ज करणारे बहुतेक ब्राह्मणच होते, आणि त्यांच्यावर उठलेलेही ब्राह्मणच. त्या वेळी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन सुधारकांच्या रक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फुले तेव्हा अगदी तरुण होते.

मागणी मान्य झाली. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीचा कारभार सुरू झाला, आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. ह्या नव्या वाऱ्यात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८५२ मध्ये सॉक्रेटिसाचे चरित्र आणि १८६१ मध्ये ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ अशी पुस्तके लिहिली. दुसऱ्या पुस्तकाचे नाव उच्चारताना धाप लागते, परंतु आतली भाषा स्वच्छ वाहत्या पाण्यासारखी आहे. शास्त्रीय विषय मराठीत रसाळपणे सांगता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ते जरूर उघडून पाहावे.

दार उघडले, असे येथे म्हणावेसे वाटते. १८५५ मध्ये फुल्यांनी ते लोटून पाहिले. त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहून ह्याच कमिटीकडे दिले. एक जोशी, एक कुणबी नवराबायको, बाई गरोदर. ग्रहांची भीती घालून जोशी त्यांना कसा नागवतो हा विषय. मध्ये एक पाद्री येऊन वाद घालतो, विदूषक टोमणे मारतो. शेवटी ती दोघे काय करतात? रडत बसत नाहीत, शापही देत नाहीत. फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जाऊन शिकायचे ठरवतात. फुल्यांनी शेतकरी व कामकरी ह्यांसाठी रात्रशाळा काढली तीही १८५५ मधलीच. म्हणजे हे नाटक आमच्या व्याख्येप्रमाणे पुरेपूर शिकविणारे पुस्तक. ते वाचून वा पाहून प्रेक्षकाने उठावे आणि जवळच्या शाळेचा रस्ता धरावा, इतका त्याचा हेतू रोखठोक आहे. कमिटीने ते स्वीकारले नाही. कमिटीतील भटसभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले. नाटक म्हणून ते ओबडधोबड आहे असे कोणी म्हणेल; त्या काळच्या किती बक्षिसपात्र पुस्तकांना घाट होता, हेही मग पाहावे लागेल. ज्या दक्षिणेचे दार उघडताना फुल्यांची माणसे बाहेर पहारा देत उभी होती, त्या दाराशी फुले स्वतः आले तेव्हा ते मिटलेले होते.

त्याच १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता ह्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. महारमांगांच्या दुःखाविषयी तो होता. त्यातला एक विचार ह्या विषयाच्या गाभ्याचा आहे. वेद ब्राह्मणांचेच असे ते म्हणतात, तर मग आम्हाला पुस्तक नाही हे उघड झाले, असे ती मुलगी तर्काने सिद्ध करते. आमच्या शास्त्रीमंडळींनी गणिताला, रसायनाला, अर्थशास्त्राला पुस्तके केली होती. आपल्यापाशी पुस्तक नाही ह्या गोष्टीचाच विचार करून तो निबंधात मांडणे, हे ह्या मुलीने केले, आणि तेही शाळेत चारदोन वर्षे जाऊन.

पुढची वर्षे भरभर सांगता येतील. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली; आज गावोगावी अशा माला चालतात त्यांचे मूळ ते. योगायोग असा, की त्याच साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले, मराठीतले पहिले पाकशास्त्राचे छापील पुस्तक. ओंजळीने आणि चिमटीने मोजली जाणारी, सासूकडून सुनेकडे जाणारी विद्या पुस्तकात आली, आणि आणणारा पुरुष होता! बायकांनी त्याचे काय केले असेल ह्याची आम्ही कल्पनाच करू शकतो. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ लिहिले, तेव्हा ती विद्या जिच्या हातची होती तिच्या लेखणीतून आली. कारागिरांच्या बाबतीत असे व्हायला ह्याहून फार अधिक वेळ लागला.

१८७८ मध्ये रानडे व लोकहितवादी ह्यांनी पुण्यात ग्रंथकारांची सभा बोलाविली. १८८५ मध्ये दुसरी भरली, तिचे आमंत्रण फुल्यांना गेले. ते आले नाहीत. त्यांनी पत्र पाठविले, आणि त्यात जे मनुष्यमात्राचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे स्पष्ट सांगितले. हा हेकटपणा होता काय? ‘तृतीय रत्ना’ला तोवर तीस वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवून प्रत्येकाने आपले मत करावे. आमचे मत असे, की रानडे सभेचे दार उघडे आहे असे प्रामाणिकपणे समजत होते, आणि ते आतून पाहत असल्यामुळे त्यांना तसे दिसत होते.

फुल्यांना पुस्तके नको होती असे मात्र नव्हे. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावे ह्याची यादीच आहे. मोडी आणि बाळबोध दोन्ही लिहिणे वाचणे, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य ह्यांविषयीचे सोपे धडे. जर्व्हिसच्या मंडळीला साठ वर्षे झाल्यावर, कुणब्याच्या मुलाच्या हाती द्यायचे पुस्तक कसे असावे हे कोणी तरी त्या मुलाच्या बाजूने सांगत होते. मोडीचा उल्लेख त्यांनी आधी केला आहे, कारण सावकाराचा कागद मोडीत असतो.

‘तृतीय रत्न’ फुल्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते १८९० मध्ये वारले. हस्तलिखित राहिले, आणि ‘पुरोगामी सत्यशोधक’ ह्या नियतकालिकात १९७९ मध्ये ते छापून आले. त्यातील कुणबी आणि त्याची बायको रात्रीच्या शाळेकडे निघाल्याला तेव्हा एकशे चोवीस वर्षे झाली होती.